अक्रोडाच्या लाकडाची मूठ

पेण,
रविवार, १९ जानेवारी २०२५

ती. स्व. दादास,
सुरभीचा नमस्कार.

थोरल्या भावाला 'तीर्थस्वरूप' लिहायचं, असं शाळेत पत्रलेखनात शिकवलं होतं. त्याला मार्क असायचे. तुझ्याकडे बघून तीर्थ वगैरे काही सुचत नाही, पण मार्क कशाला सोडा. आम्ही इकडे बरे आहोत. तू आणि नमितावहिनी खुशाल असाल. वालाच्या शेंगा पोचल्या. आईने मागच्या दारी मडक्यात त्यांची पोपटी लावली आणि भांबुर्ड्याच्या पाल्यासाठी मला अख्खं रान हिंडवलं. खाताना मात्र पहिला वाटा शेजारच्यांना गेला, कारण आपल्या आईचा स्वभाव तुला ठाऊक आहे.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू नुसतं 'हं' म्हणतोस आणि मेसेज केला की अंगठा पाठवतोस. अंगठ्यावरून माणसाच्या मनातलं काय समजणार? शिवाय आपल्या घरातला फोन म्हणजे चावडी. मी बोलायला लागले की आईला नेमकं माझ्याच शेजारी बसून तांदूळ निवडायचे असतात. म्हणून कागद. शेजारच्या गुणाजीकाकांची या आठवड्यात धाटावच्या एमआयडीसीत पहिली शिफ्ट आहे. ते तुझ्या कंपनीच्या गेटवर तुला गाठून हे देतील. त्यांना चहा पाज.

मुख्य बातमी अशी की पिस्तुलं आली. एक नाही, दोन. धाटावच्या ज्या कंपनीने मला 'दत्तक' घेतलंय (शब्द त्यांचा. आई म्हणाली, "आनि आमी काय मेलो काय?"), त्यांनी पुण्याच्या डीलरला सांगून दोन मागवली. वापरून बघायची, एक ठेवायचं, एक फेब्रुवारीच्या मध्याला परत करायचं. दोन्हीच्या मुठी माझ्या हाताच्या मापाने जर्मनीतल्या एका कारागिराने अक्रोडाच्या लाकडातून कोरलेल्या. त्या दोन्ही माझ्याच राहणार, कारण दुसऱ्या कुणाला त्या उपयोगाच्या नाहीत.

आता माझी पंचाईत ऐक. एक पिस्तूल स्वित्झर्लंडचं, काळं. एक ऑस्ट्रियाचं, चंदेरी. हे म्हणजे एकाच दिवशी दोन स्थळं यावीत आणि दोघंही इंजिनियर, दोघांचाही पनवेलला फ्लॅट, दोघांच्याही आया बोलायला गोड असाव्यात, तसं झालंय. वजन सारखं. नळीची लांबी जवळजवळ सारखी. दोन्ही दाबलेल्या हवेवर चालतात, दोन्हीचा छर्रा दहा मीटरवरून एकाच भोकात जातो. काळ्याचा ट्रिगर बॅटरीवर आहे, बोट टेकलं की सुटतो, इतका स्वच्छ की सुटला हे बोटाला कळतच नाही. चंदेरीचा ट्रिगर साधा, यांत्रिक, पण आत धक्का शोषणारं काहीतरी आहे, त्यामुळे गोळी सुटल्यावरही ते देवळातल्या दगडी नंदीसारखं जागेवर असतं. नेमबाजीचे सर म्हणतात, जे हातात घेतल्यावर हात आहे हे विसरायला होईल ते घे. मला दोन्ही घेतल्यावर हात आठवतो.

तू म्हणशील, जुनं काय वाईट होतं? वाईट काहीच नव्हतं. तू ज्याची मूठ तासून, पुट्टी भरून दिलीस, त्या क्लबच्या जुन्या पिस्तुलावर मी राज्यापर्यंत गेले. पण त्याच्या सिलिंडरची मुदत संपली आणि मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही. तसल्या मॉडेलचं नवीन सिलिंडर आता मिळत नाही. त्यामुळे फेब्रुवारीअखेरीच्या पुण्याच्या निवड चाचणीला या दोघांपैकीच एकाला घेऊन जायचंय. यातून भारताच्या संघाच्या शिबिरासाठी मुली निवडणार आहेत. माझं वय चोविसावं चाललंय. पुढच्या वेळेला कंपनीला दत्तक घ्यायला दुसरी कुणीतरी सापडलेली असेल.

बाबा मजेत आहेत. कारखान्यात माघी गणपतींची गडबड आहे. मूर्तींच्या डोळ्यांची आखणी या वर्षी आपल्या रघू कारागिराकडे दिली आहे. पिस्तुलांचं बाबांना फार कौतुक. रोज संध्याकाळी मऊ फडक्याने दोन्ही पुसतात. आळीतली माणसं बघायला येतात तर बाबा त्यांना नळीकडे बघूसुद्धा देत नाहीत, मुठीच दाखवतात.

तर सांग, काळं का चंदेरी? हत्यारांतलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मुठी तशा छान आहेत. दिसायला फारच.

तुझी,
सुरभी


पेण,
गुरुवार, ३० जानेवारी २०२५

प्रिय दादा,

गुणाजीकाकांनी तुझी चिठ्ठी दिली. चिठ्ठी कसली, सिगारेटच्या पाकिटाच्या आतल्या कागदावर तीन शब्द: 'मूठ बसते का?' मी तुला चार पानं लिहिली, स्थळांचे दाखले दिले, आणि तू नेमका तिथेच बोट ठेवलंस. वहिनीला सांग की नवरा परत सिगारेट ओढतो.

नाही बसत.

काळ्याची नाही आणि चंदेरीचीही नाही. माझं करंगळीशेजारचं अर्धं बोट तू विसरला असशील असं नाही. आपल्या घरात तो विषय कुणी काढत नाही, एवढंच. पिस्तूल धरताना मधलं बोट आणि हे बोट मिळून मुठीला सरळ मागे ओढतात. तू जुन्या मुठीत माझ्या अर्ध्या बोटासाठी पुट्टीचा उंचवटा केला होतास, त्याला ते बरोबर टेकायचं आणि हात शांत व्हायचा. या नव्या मुठींमध्ये तिथे लांब, सुंदर, गुळगुळीत खोबण आहे. पूर्ण बोटाची. माझं बोट त्यात मध्येच संपतं आणि पुढची जागा रिकामी राहते. मग करंगळी मदतीला धावते, मनगट केसभर वळतं, आणि गोळ्या डावीकडे जातात. एक नाही, सगळ्या. दोन्ही पिस्तुलांच्या अगदी सारख्या. इतकं साम्य बघून मला पहिल्यांदा हसूच आलं.

मी डीलरला फोन करून वाटेल ते बोलले. इतकं महागडं काम करता आणि साधं माप पाळता येत नाही, वगैरे. तो बिचारा सभ्य माणूस. त्याने आपण पाठवलेल्या प्लास्टरच्या हाताचा फोटो मला पाठवला.

आता साच्याची गोष्ट. दिवाळीनंतर डीलरने सांगितलं होतं, हाताचा प्लास्टरचा ठसा करून पाठवा. पेणमध्ये येऊन कुणी साचा मागावा, याच्यासारखा आनंद बाबांना दुसरा नाही. डीलर म्हणाला होता की मुंबईत एका डॉक्टरकडे होतं ते काम. बाबा त्याच्यावर जे हसले ते दोन दिवस हसत होते. त्यांनी स्वतः शाडू मळला, माझा हात दोन्ही बाजूंनी त्यात दाबला, "हलू नको गो, देव हलतो काय?" म्हणत मला पाऊण तास बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे मी शिबिराला पुण्याला गेले. प्लास्टर ओतणं, ठसा काढणं, घासणं, सगळं बाबांनी मागे केलं, आणि परदेशी जाणारे गणपती भरतात तसा पेंढा भरून खोका पाठवून दिला. मी तो हात पाहिलाच नव्हता.

फोटोत पाहिला. पाचही बोटं पूर्ण होती. माझं अर्धं बोट त्यांनी वाढवलं होतं, निमुळतं, टोकाला जरासं मागे वळलेलं, आशीर्वादाच्या हाताचं असतं तसं. नखंसुद्धा काढली होती. माझी नखं कधीच इतकी चांगली नव्हती.

मी म्हटलं, सवय. दुसरं काय? आपल्या कारखान्याचा नियमच आहे, खंडित काही दाराबाहेर जायचं नाही. तुला आठवतं, टेम्पोत चढवताना एखाद्या मूर्तीचा दात उडाला की बाबा गिऱ्हाइकाला चहाला बसवायचे आणि मागच्या मागे दात बसवून, रंगवून, वाळवून मूर्ती हजर करायचे? गिऱ्हाईक नमस्कार करून जायचं. तेच झालं. समोर तुटकं बोट दिसलं, हात आपोआप प्लास्टरकडे गेला. जर्मनीतल्या माणसाला काय माहीत? त्याने जसा हात आला तशी मूठ कोरली.

सर म्हणतात यात रडण्यासारखं काय आहे, एक ठरव, परत जाणारं परत कर, आणि राहील त्याची मूठ तासून भरून घे. बरोबर आहे. मी परवा कानस घेऊन बसलेही. पण मूठ उजव्या हाताची, ती बसते का हे बघायला उजव्याच हातात धरावी लागते, आणि मग कानस धरायला उरतो डावा. म्हणजे आपलीच पाठ आपण चोळण्यासारखं. आणि तेवढ्यात बाबा आले. मी कानस पदराखाली लपवली असं लिहिणार होते, पण मी ट्रॅकपॅन्टमध्ये होते, तेव्हा मांडीखाली लपवली.

ते रोज विचारतात, "बसतो ना गो हातात?" मी हो म्हणते. मग ते मूठ हातात घेऊन त्या खोबणीतून अंगठा फिरवतात, वरून खाली, पुन्हा वरून खाली, आणि खूश होतात. तिथे पुट्टी भरली तर पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगठ्याला लागणार. म्हणून मी अजून कुठलंच ठरवलेलं नाही. सरांना सांगते काळं की चंदेरी कळत नाही. ते म्हणतात, तू नको तेवढी चिकित्सक आहेस.

आणखी एक. बाबा हल्ली जेवताना तुझी चौकशी करतात. परवा त्यांनी तुझं ताट मांडायला लावलं. आई म्हणाली, थकलेत, माघीची दगदग. तू यावर चिडू नकोस, मी फक्त कळवलं.

काळं का चंदेरी, ते तू अजून सांगितलेलं नाहीस.

तुझी,
सुरभी


पेण,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

दादा,

या वेळी तू अख्खं पान लिहिलंस. मी ते तीनदा वाचलं आणि मग चुलीत घातलं, कारण आईच्या हाती लागलं असतं तर तिने चार दिवस तोंडात पाणी घेतलं नसतं. तू लिहितोस, 'त्यांना तोंडावर सांग आणि मूठ तास. त्यांनी तुझं बोट झाकलं, त्यात नवीन काय? अकरा वर्षं ते तेच करतायत. त्यांनी आयुष्यात एकदा कबूल करावं की "चालू कर" असं तेच ओरडले, मग मी त्या घराची पायरी चढेन.'

तू चिडणार हे मला माहीत होतं. आणि तुझं चुकतंय असंही मी कधी म्हटलेलं नाही. तू बारावी झाल्या झाल्या कारखान्यात उभा राहिलास, तुझा हात बाबांपेक्षा हलका आहे असं सगळी आळी म्हणायची, आणि इस्पितळाच्या व्हरांड्यात सगळ्या नातेवाइकांसमोर बाबा म्हणाले, "ह्याच्या हातनं झालं." तू म्हणालास, तुम्हीच बाहेरून चालू कर म्हणालात. ते म्हणाले, मी नाय बोललो. तू घर सोडलंस ते तेव्हापासून. मी सातवीत होते. माती मळायच्या मशीनच्या तोंडात अडकलेलं कापड काढत होते आणि मला कुणाचाच आवाज ऐकू आला नाही, हे मी तुला शंभरदा सांगितलंय. तुम्हा दोघांनाही माझ्याकडून साक्ष हवी होती आणि माझ्याकडे ती नव्हती.

पण आता तुला जे सांगायचं टाळत होते ते सांगते. पहिल्या पत्रात मी लिहिलं की आखणी रघूकडे दिली. तुझ्या लक्षात यायला हवं होतं. बाबांनी डोळ्यांचा ब्रश कधी कुणाला दिलाय? तुलासुद्धा दिला नव्हता. दसऱ्याच्या सुमाराला त्यांनी एका मूर्तीचे डोळे आखले, हात धुतले, आणि थोड्या वेळाने येऊन त्याच डोळ्यांवर पुन्हा आखायला बसले. रघूने हात धरला तर म्हणाले, "अरे, आंधळा देव न्यायचा काय लोकांनी?" त्या देवाला चार बुबुळं झाली होती. रघू रडला. बाबांना कळलं नाही तो का रडतोय.

पनवेलच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले. विसरण्याचाच आजार आहे, दादा. औषध आहे, पण ते धरून ठेवायचं, परत आणायचं नाही. आधी अलीकडचं जातं, जुनं राहतं. बाबांची मधली बरीच वर्षं निसटली आहेत. सकाळी बरे असतात, मला नेमबाजी येते हेही माहीत असतं, पिस्तूल तर रोज हातात असल्यामुळे पक्कं आहे. दुपारनंतर मी शाळेतली होते. आणि तू तर नेहमीच घरातला असतोस. "हर्षद खय गेला?" असं विचारतात, आपली रत्नागिरीची आजी विचारायची तसं. आई सांगते, "बाजारात गेलाय, येल." मग त्यांचं समाधान होतं. पहिल्यांदा तिने ते सुचलं म्हणून सांगितलं, आता रोज सांगते. तुला कळवायचं नाही अशी तिने मला शपथ घातली होती. तिचं म्हणणं, पोर बापाच्या आजारपणाला यायचं म्हणून येईल, मनाने नाही येणार. तिची शपथ मी मोडली. काय व्हायचं ते मला होवो.

तेव्हा तो प्लास्टरचा हात सवयीने नव्हता झाला. सवय असं मी म्हटलं, माझ्या सोयीसाठी. शाडूतून निघालेलं बोट अर्धं दिसलं तेव्हा त्यांना वाटलं असणार, साच्यातच हवा राहिली, कोपरा भरला नाही. असं होतं, तुलाही माहीत आहे. म्हणून त्यांनी आठवणीतलं बोट लावलं. पोरीचं बोट कसं आहे ते बापाला माहीत नसायला काय झालं?

आता गेल्या मंगळवारचं सांगते. तुझं पत्र आदल्या दिवशी आलं होतं आणि मला तुझाच राग चढला होता, म्हणजे तुझ्यासारखाच. म्हटलं, एकदाचं सांगू या. दुपारी जेवणं झाल्यावर बाबा कारखान्याच्या ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसले आणि उजवा हात त्यांच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, बाबा, हे बघा.

त्यांनी बोट धरलं. टोकावरून अंगठा फिरवला.

"ह्ये कवा झालं गो?"

मी म्हटलं, लहान होते तेव्हा. माती मळायच्या मशीनमध्ये.

त्यांचा चेहरा मी तुला लिहून सांगू शकत नाही. त्यांच्यासाठी ते त्याच क्षणी झालं, दादा. आत्ता, समोर. ते आईला हाका मारायला लागले, फडकं मागायला लागले, बांधायला. मी म्हटलं, बाबा, दुखत नाही, जुनं आहे. ते ऐकेनात. मग जरा शांत झाले आणि म्हणाले, "मशीन कोनी चालू केला?"

मी हात मागे घ्यायला गेले, त्यांनी सोडला नाही.

"कोनी केला?"

म्हटलं, दादाने.

ते खाली बघून काहीतरी जुळवत राहिले. हिशेबात चूक शोधताना बघायचे तसे. मग म्हणाले, "नाय. माज्या आवाजाबिगर त्या बटनाला कोन हात लावत नाय. हर्षद तर नायच नाय. म्हंजे मीच सांगितला असनार. मीच बोललो असन, चालू कर." आणि मग, "मग त्या पोराचा काय दोस? त्याला सांग गो, म्हनावं, तुजा बाप चुकला. तो आला की सांग. मी इसरन."

शब्द न् शब्द असाच आहे. मी घरात जाऊन आधी हे लिहून ठेवलं, मग तोंड धुतलं.

चहा होईपर्यंत ते माझं बोट मुठीत धरून बसले होते. आईने माझ्याकडे फक्त एकदा पाहिलं. चहानंतर ते झोपले. उठले तेव्हा फडकं घेऊन आले, काळं पिस्तूल पुसलं, खोबणीतून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "बसतो ना गो हातात?"

मी हो म्हटलं.

तू अकरा वर्षं जे वाक्य मागतोयस ते बोललं गेलं, आणि ऐकायला मी एकटी होते. तू म्हणशील, मी येतो, माझ्यासमोर पुन्हा विचार. विचारता येईल. मी हात पुढे केला की ते पुन्हा त्याच वाटेने तिथेच पोचतील, मला खात्री आहे, कारण ते आठवून बोलले नाहीत, कारखान्याच्या शिस्तीवरून त्यांनी ते ताडलं. पण त्यासाठी दर वेळी त्यांच्यासमोर माझं बोट तुटावं लागेल. ते मी करणार नाही. तुझ्यासाठीसुद्धा नाही. तुला ते वाक्य हवं असेल तर या कागदावरूनच घे. तुला माझा राग आला तर येऊ दे, पण मी साक्षीदार म्हणून एकदाच कामाला आले आणि तेही असं.

मला काही सुचत नाही, दादा. दहा मीटरवरचा तो बटणाएवढा ठिपका दिसतो, श्वास धरता येतो, बाकी कशावरच माझा ताबा नाही. बाबांना थांबवता येत नाही. तुला आणता येत नाही. आईला रडवता येत नाही, ती रडली तर बरं होईल. चाचणीत काय होईल तेही सांगता येत नाही, या हाताने तर नाहीच.

पिस्तुलाचं मात्र ठरवलं. तुझ्याशिवायच ठरवलं, कारण तू काही उत्तर देत नाहीस. काळं ठेवते. का, ते मला विचारू नकोस, दोघांत तसा काहीच फरक नव्हता. चंदेरी शुक्रवारी परत जाईल, त्याची मूठ मी काढून घेतली. ती कुणी तासायची नाही. ती पूर्ण बोटाची मूठ बाबांकडे राहील, संध्याकाळी पुसायला, अंगठा फिरवायला. त्यांना पिस्तूल नसलं तरी चालतं, मूठ लागते. आणि काळ्याची मूठ माझ्या खऱ्या हाताची करायची. ते काम मला एकटीला जमत नाही आणि रघूला मी हात लावू देणार नाही. धाटावला तुझ्या खोलीवर जुन्या मुठीत तू उंचवटा केलास तेव्हा एकदाही माप घेतलं नव्हतंस. माझं बोट चिमटीत धरलंस आणि कानस उचललीस.

दिवा-रोहा गाडीने ये किंवा मोटारसायकलने ये. वहिनी आली तर आईला बरं वाटेल. दिवसा, सकाळचा ये, सकाळी ते बरे असतात. दोस कुणाचा, ते काढू नकोस. ते विचारतील जेवलास का, तर नाही म्हण, तुझं ताट रोज मांडलेलं असतं. तुझी कानस मी पुसून ठेवली आहे, जिथे टांगायचास तिथेच.

आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस. पिशवी आण, त्यात भाजी असू दे, मासळी असू दे, काहीही. तू बाजारातून येतोयस.

वाट बघते.

तुझी साडेचार बोटांची,
सुरभी